अंबूबाईची फुशारकी

पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, बायका उठायला लागल्या, तशी विहीण रंगुबाई म्हणाली, शालूला मी आजच घेऊन जाते. गाडी दारात उभीच होती. इस्लामपूरकडं त्यांचं गुऱ्हाळ, चुलवाण पेटलेलं, आणि तिथल्या माणसांच्या भाकरी थापायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

अंबूबाईच्या हातातली परात हातातच राहिली. लेक ओली बाळंतीण, सव्वा महिना बाजेवरून उठवायची नाही, आमच्यात तशी रीतच नाही, असं ती एका दमात बोलून गेली. रंगुबाई काही वाईट बाई नव्हती, पण तिला सगळं ध्यानात राहायचं.

"रीत कसली सांगताय, इहीणबाई? सोयरीक ठरवताना तुमीच म्हणाला न्हवं, आमच्या सुनंनं पाचवी पुजली आन् दुसऱ्या दिशी भाताचं भारं वाह्यलं. आमच्यातल्या बायका लय काटक. म्या त्येच ऐकून पोरगी केली."

ओसरीवरच्या बायका हसल्या. अंबूबाईला हसता येईना.

ती सून म्हणजे हरणाबाई. चुलीपाशी उभी राहून ती सगळं ऐकत होती, आणि खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटत होतं. चांगलं गारगार वाटत होतं. त्या भाऱ्यांखाली, शिवाराच्या उतारावर, तिचं अंग बाहेर आलं होतं. तेव्हापासून बसताना कळ, खोकताना कळ, घागर उचलायची तर आधी फडक्याची घडी लावून पिशवी आत दाबून बांधायची. अंबूबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, भाईर बोललीस तर याद राख. आणि स्वतः गावभर सांगत सुटली की सून कामचुकार आहे, एका पोरीवरच तिची कूस आटली, लेक आकाराम लढाईवरून रजेवर आला की त्याला दुसरी करायची. शालू तेव्हा बिनलग्नाची. भावजय पाय फाकून कशी चालते त्याची नक्कल करून ती मैत्रिणींना हसवायची. जा म्हणावं आता, हरणाबाई मनात म्हणाली. थाप भाकरी. मग बघू तू कशी चालतेस ते.

अंबूबाई लगालगा आत आली. कधी नव्हे ते तिनं सुनेचा हात धरला. तुझं काय झालं ते तूच जाऊन सांग, म्हणाली, तुझं ऐकेल ती, नाहीतर पोरीचं वाटोळं होईल गं.

"वाटोळं व्हतं, हे ठावं हाय तर तुमास्नी," हरणाबाई म्हणाली. "मी न्हाई सांगायची, आत्याबाई. तुमीच सांगा. समद्या बायकांम्होरं."

"मग गावात त्वांड कुठं दाखवू मी?"

"मग जाऊ द्या शालूला."

बाहेर रंगुबाईनं गाडीत गवत पसरायला सांगितलं. आतल्या खोलीत शालू रडत होती. हरणाबाईनं हात सोडवून घेतला आणि भांडी घासायला बसली. बसायला तिला वेळ लागला, आणि अंबूबाईला ते उभ्यानं बघावं लागलं.

शेवटी अंबूबाई ओसरीवर गेली. पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटायला लागली. हरणाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, पदर काढा, मागच्यांना ऐकू येत नाही. पदर निघाला. आमच्या सुनेचं अंग बाहेर आलंय, अंबूबाई म्हणाली, ओल्या बाळंतपणात भारे वाहून आलं, ती कामचुकार नाही.

"भाऱ्याला कुणी धाडली व्हती?" हरणाबाईनं विचारलं.

"म्या."

"आन् दुसरी सून?"

अंबूबाईनं आतल्या खोलीकडं पाहिलं. "न्हाई आणत," ती म्हणाली.

शालूला सव्वा महिना राहू द्या, रंगुबाई म्हणाली, भाकरीचं ती बघेल काहीतरी. आणि हरणाबाईजवळ येऊन हळू आवाजात सांगितलं, माझ्या जावेचंही असंच झालं होतं, मिरजेच्या डॉक्टरीणबाईनं टाके घालून नीट केलं, आता पाण्याच्या दोन घागरी आणते.

"मावशी, गाडी रिकामीच जायची," हरणाबाई म्हणाली. "मला न्या त्या डॉक्टरीणबाईकडं."

रंगुबाईनं मान डोलावली. हरणाबाईनं आत जाऊन दोन लुगडी गाठोड्यात बांधली, लेकीला गाडीत चढवलं, मागून कण्हत स्वतः चढली, आणि बाळंतिणीसाठी पसरलेल्या गवतावर ऐसपैस आडवी झाली.

अंबूबाई चाकापाशी धावत आली. गोठ्यात दोन म्हशी, घरात बाळंतीण, भात कांडायचं पडलेलं, हे सगळं आता करायचं कुणी?

"तुमी," हरणाबाई म्हणाली. "तुमी काय बाळंतीण न्हाई."