सीटखालचा स्विच

डॅडी गेल्यावर मार्लिसनं त्यांचा बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर विकायला काढला. गिऱ्हाइकाच्या घरी लहान मुलं. माणूस सीटवरून उतरला की इंजिन आपोआप बंद पडलंच पाहिजे, एवढी एकच त्याची अट. शेजारच्या अर्विनकाकांनी सीट उचलून खाली पाहिलं आणि हसले.

"तुझ्या बापानं स्विच काढून वायरीच जोडून टाकल्यात. फाटक उघडायला उतरलं की इंजिन बंद, म्हणून वैतागायचा. ओहायोतले सगळे म्हातारे हेच करतात. मीही."

भंगारातल्या ट्रॅक्टरचा जुळता स्विच शोधून त्यांनी बसवला. स्वतः बसले, उतरले. इंजिन लगेच थांबलं.

"आता तू बघ."

मार्लिस बसली, इंजिन पुन्हा सुरू केलं. स्टिअरिंगवरून जरा वेळ हात फिरवला आणि उतरली. इंजिन चालूच राहिलं. काकांनी वाकून पाहिलं. सीट रिकामी होती, पण तिच्याखालची स्प्रिंग पुरती दबलेली होती. काका मागे सरले.



"उतरा आता, डॅडी. त्यांच्याकडे लहान मुलं आहेत," मार्लिस हळूच म्हणाली, आणि इंजिन थांबलं.