शिवेवरचा देव

येसबा हवालदाराने सरहद्दीवरच्या चौकीतून दुर्बीण लावून खाली पाहिलं. ओढ्याकाठी शेंदूर फासून, गावच्या शिवेवर असतो तसा, त्याने बसवलेला म्हसोबा जागेवर नव्हता.

"पलीकडच्यांनी आपली हद्दखूण उखडली!" नवीनच बदलून आलेले सुभेदार गरजले. "वर कळवलंय मी. आता तोफाच बोलतील."

"साहेब, खूण नव्हती ती. घरच्या माणसाने शेंदराची पुडी दिलेली, म्हणून मीच देव मांडला. लाल दगड बघून त्यांना वाटलं असेल, आपणच हद्द पुढे सरकवली. एवढं वर सांगा, लढाई टळेल."

सुभेदारांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "त्यांच्या मनातलं बरं कळतं रे तुला! कधीपासून बोलणं आहे त्यांच्याशी?"

येसबाची बंदूक काढून घेतली आणि त्याला कोठारात कोंडलं. दुपारी डोंगरामागून पहिला तोफगोळा आला, मग इकडूनही सुटले. कोठाराच्या भिंतीतले दगड थरथरू लागले. देवाला हात जोडावेत म्हणून येसबाने खिशातली पुडी उघडली, शेंदराचं बोट समोरच्या दगडापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. आता कुठल्याच दगडाला शेंदूर लावायची त्याची छाती होईना.