खोल श्वास

झोपेचं औषध देऊन, घशातून नळी घालून आजींच्या हृदयाची तपासणी चालली होती. सिस्टरची सकाळपासूनची ही सातवी पेशंट. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा घसरत शहाऐंशीवर आला.

"आजी, श्वास घ्या! मोठा श्वास!" सिस्टरनं ऑक्सिजन वाढवला, हनुवटी उचलून धरली, खांदा हलवला. आजी ढिम्म.

"ब्याऐंशी. काढतो नळी," डॉक्टर वैतागले. "आता पुन्हा पहिल्यापासून सगळं."

दमलेली सिस्टर आजींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. आजींनी छाती भरून श्वास घेतला. आकडा भराभर चढला. झोपेतच त्यांचा हात हवेत काहीतरी चाचपू लागला.

"काय सांगितलंत हो त्यांना?"



"दूध उतू जातंय म्हटलं. घरी मलाही याच हाकेनं जाग येते."