अर्धा नारळ

"मालक कोण?" विमा कंपनीच्या सर्व्हेअरने विचारलं.

"मीच, साहेब. हरेश्वर."

सोनाबाई पुढच्या शब्दांची वाट बघत राहिली. एरवी कुणीही विचारलं की हरेश्वर म्हणायचा, "मी आणि चंदर." आज तो 'मीच'वर थांबला. माणूस गांगरला असेल, तिने मनाशी म्हटलं. एवढं सगळं जळून गेल्यावर कुणाची जीभ ताळ्यावर राहील?

चौल नाक्यावरचं ते गॅरेज जळून सव्वीस दिवस झाले होते. पत्रे वाकून खाली आले होते. कॉम्प्रेसर काळा ठिक्कर पडला होता. विमा कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत काही हलवायचं नाही, असा निरोप होता, म्हणून आत राहिलेल्या तिसऱ्या गाडीचा सांगाडाही तिथंच होता. त्या गाडीमागेच चंदरचा देह सापडला होता. सोनाबाई तिकडे पाठ करून उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. नवऱ्याच्या, चंदरच्या नावापुढे वारसाची सही लागली तर आपण हाताशी असलेलं बरं, एवढ्याच विचाराने ती आली होती.

जागा हरेश्वरची आणि हात चंदरचे, असं ते गॅरेज बावीस वर्षं चाललं. नागावच्या होमस्टेवाल्यांच्या गाड्या अलिबागचं गॅरेज सोडून इथं यायच्या, त्या चंदरसाठी. दसऱ्याला पाने, जॅक, हातोडे धुऊनपुसून मांडले जायचे, त्यांना झेंडू वाहिला जायचा, आणि नारळ हरेश्वर चंदरच्या हातात द्यायचा. "फोड. अर्धा मालक हायेस तू." चारचौघांत म्हणायचा. त्यातली अर्धी वाटी चंदर रुमालात बांधून घरी आणायचा. सोनाबाईने त्या खोबऱ्याची चटणी कधी वाटली नाही. त्याच्या वड्याच करायच्या, आणि आळीत चार घरी द्यायच्या. बाकी अर्धेपणाचं काय, हे तिने कधी विचारलं नाही. चंदरला तर ते सुचणंच शक्य नव्हतं. शनिवारी हरेश्वर देईल ते तो खिशात घालायचा आणि वर त्याचीच काळजी करायचा. असल्या माणसाला भोळा म्हणावं की खुळा, हे ज्याने त्याने ठरवावं.

चार वर्षांपूर्वी विम्याचा एजंट आला होता. कामगार किती, असं त्याने विचारलं. हरेश्वर म्हणाला, "शून्य लिहा. चंदर कामगार न्हाय, अर्धा मालक हाय." त्या संध्याकाळी चंदर मोरीवर हात घासत होता आणि ग्रीस निघत नव्हतं, पण त्याचं लक्षच नव्हतं. "आता कागदावर आलं, सोना," असं तो दोनदा म्हणाला. तिला तेव्हा हसू आलं होतं. आता तोच कागद सर्व्हेअरच्या मांडीवर होता.

"शेड, यंत्रं, गिऱ्हाइकांच्या गाड्या," सर्व्हेअर वाचत होता. "वाचलेल्या दोन गाड्या पाहिल्या मी. तिन्ही जळाल्या असत्या तरी भरून मिळाल्या असत्या."

सोनाबाईने पदर तोंडाशी धरला. त्या दोन गाड्या चंदरने ढकलत बाहेर काढल्या होत्या. तिसरीसाठी तो पुन्हा आत निघाला, तेव्हा समोरच्या वडेवाल्याने त्याचा हात धरला होता. "सोड, माजं गॅरेज हाय त्ये," असं म्हणून त्याने हात सोडवून घेतला. हे वडेवाल्यानेच तिला रडत सांगितलं होतं. हरेश्वर तेव्हा रस्त्यापलीकडे उभा राहून बंबाला फोन लावत होता.

"मालक एकटे. भागीदार नाही. कामगार शून्य." सर्व्हेअरने चष्मा काढला. "मग आत गेलेला माणूस कोण?"

हरेश्वरने सर्व्हेअरच्या मांडीवरच्या कागदाकडे बघितलं.

"तोंडी भागीदारी असेल तरी सांगा. वेळ लागेल, पण भरपाईत वारसांचा हिस्सा धरता येईल."

हरेश्वरने एकदा सोनाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. सांगा, भावजी, असंच तिला म्हणायचं होतं. पैसे मिळाले असते तर नको होते, असं नाही. घरात पोरगी शिकत होती. पण त्या क्षणी तिला फक्त ते दोन शब्द ऐकायचे होते, दसऱ्याला तो म्हणायचा ते, तसेच.

"भागीदार कसला, साहेब," हरेश्वर म्हणाला. "कामाला यायचा."

"मग कामगारांत नाव का नाही?"

"माणसामागे हप्ता वाढत होता."

सर्व्हेअरने लिहून घेतलं. "मग त्याचं कंपनीकडून काही निघणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

रस्त्यावरून रेवदंड्याची एसटी गेली. सोनाबाई वळली आणि आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्या तिसऱ्या गाडीकडे नीट पाहिलं. मग ती हरेश्वरच्या समोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढला नव्हता.

"शेठ," ती म्हणाली. बावीस वर्षांत तिने त्याला भावजीशिवाय हाक मारली नव्हती. "ह्ये त्यांना आधी सांगाया पायजे व्हतं तुमी. आपन नोकर हाव, येवढं कललं असतं, तर ते बी त्या दिवशी भायेरच थांबले असते."