फाटकापुढचं औक्षण

"मावशी, ओवाळा ना लवकर. अजून चार गल्ल्या फिरायच्यात."

द्वारकाबाईंचा हात औक्षणाच्या ताटासकट थबकला. तीस वर्षं त्यांनी पक्षाच्या प्रत्येक उमेदवाराला याच उंबऱ्यावर ओवाळलं होतं. एकाने अर्ज मागे घेतला, दुसऱ्याला ऐन प्रचारात ताप भरला, तिसरा निवडून आला आणि पाच वर्षं सभागृहात साधा खोकलाही नाही. मत मात्र त्यांनी कधी इकडचं तिकडे केलं नाही.

"समोरच्या आबासाहेबांनी बागेची जागा गिळून गोदाम बांधलंय. त्यावर काय बोलणार आहेस?"

उमेदवाराने समोरच्या बंगल्याकडे पाहिलं आणि गळ्यातलं पक्षाचं उपरणं हळूच खिशात घातलं. "निवडून आल्यावर बघू, मावशी. आत्ता उगाच कशाला डिवचायचं?"

"तिकीट मागताना घसा बसेपर्यंत ओरडलास, आणि आता कुजबुजतोस? चल, तुला तिथेच ओवाळते!"

त्या ताट घेऊन तरातरा रस्ता ओलांडून बंगल्याच्या फाटकापुढे उभ्या राहिल्या. खुद्द आबासाहेब बाहेर आले. पेटलेलं निरांजन पाहून त्यांनी सवयीने कपाळ पुढे केलं.

द्वारकाबाईंनी ताट मागे घेतलं. "तुम्हाला नाही. आमचा माणूस येतोय."

आबासाहेबांनी त्यांच्या खांद्यावरून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "कुठे?"

द्वारकाबाईंनी वळून पाहिलं नाही. ज्योतीला हाताचा आडोसा करत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या पुन्हा म्हणाल्या, "येतोय!"