अध्यक्षांचा परिचय

सत्काराला अर्धा तास उरला असताना शुभंकरने स्वतःचा परिचय सुनीतीबाईंच्या हाती दिला. चार पानं, स्वतःच लिहिलेली. सुनीतीबाई कसबा पेठेतल्या. समारंभांचं सूत्रसंचालन करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. थोर माणसं आपला थोरपणा टाइप करून आणतात, याचं त्यांना नवल उरलं नव्हतं. पहिली तीन पानं बिझनेस डेव्हलपमेंटची: कुठल्या कंपनीची विक्री किती पट वाढवली, दुबईत कोणाशी हस्तांदोलन झालं. चौथ्यावर समाजसेवा. सीमेवरच्या आपल्या गावातल्या मराठी वाचनालयाचे सात वर्षं अध्यक्ष.

त्या वाचनालयाचे ग्रंथपाल रंगराव पहाटेच्या एसटीनं आले होते. पडद्यामागे उभे होते, हातात एकच कागद. वाचनालयाच्या खोलीचा करार सोमवारी संपत होता. नव्या करारासाठी अध्यक्षानं नगरपालिकेत स्वतः हजर राहायचं होतं, आणि हे अध्यक्ष तीन वर्षांत गावात फिरकले नव्हते. सोमवार चुकला की पुस्तकं रस्त्यावर. म्हणून समितीनं त्यांचा राजीनामाच लिहून पाठवला होता. खाली सही झाली की चंद्रभागाबाई अध्यक्ष होणार होत्या. रोज सकाळी कुलूप त्याच उघडत.

शुभंकरने कागद वाचला, घडी घातली, परत दिला. सोमवारी त्याचा सिंगापूरचा कॉल होता. वाचकांची ग्रोथ काय, असं त्यानं विचारलं आणि पाच वर्षांचा प्लॅन मेल करायला सांगितला.

“आणि पद असू दे हो काका, नावाला. त्यानं तुमचं काय अडतंय?”

“खोली अडलीया,” रंगराव म्हणाले.

शुभंकर फेटा नीट करायला आरशाकडे वळला होता.

सुनीतीबाईंनी रंगरावांकडून तो कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि चार पानांखाली पाचवं पान म्हणून ठेवला.

मंचावर त्यांनी परिचय अख्खा वाचला, एक शब्द न गाळता. दुबई झाली, टाळ्या झाल्या. वाचनालय आलं तसा त्यांनी पाळणा म्हणावा इतका आवाज मऊ केला.

“आणि आज, इथेच, शुभंकरराव आपलं अध्यक्षपद गावातल्या एका कष्टाळू बाईंच्या हाती सोपवत आहेत. पदाला चिकटून न बसणारी माणसं हल्ली दिसतात कुठे?”

सभागृह उभं राहिलं. शुभंकर हसला, ओठ तेवढे हसले. सुनीतीबाईंनी कागद टेबलावर मांडला, रंगरावांनी पेनाचं टोपण काढून दिलं. सात वर्षांत वाचनालयासाठी त्यानं केलेलं पहिलं काम दोन सेकंदांत उरकलं.

फोटोग्राफर पुढे सरकला. “साहेब, फोटो हलला. परत एकदा, नुसती ॲक्शन.”

रंगराव कागद खिशात घालून मंचाच्या पायऱ्या उतरतही होते. शुभंकरने रिकाम्या टेबलावर पेन टेकवलं आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिला.