पोटावरचा बिंदू

नववीच्या पोरांना आलेखावर बिंदू मांडायचा कंटाळा येई, म्हणून नलावडेबाईंनी घरच्या प्रिंटरवर मोठ्या चौकटींचे आलेख छापून आणले. खाली निर्देशक दिले होते. ते बिंदू मांडून ओळीने जोडले की झुपकेदार मिशांचे, पोट सुटलेले मुख्याध्यापक तयार होत.

वर्गात खसखस पिकली आणि नेमके मुख्याध्यापक सरच आत आले. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मिस्बाचा कागद उचलला.

सर बराच वेळ चित्र न्याहाळत राहिले. मग त्यांनी खोडरबर मागितलं, पोटावरचा बिंदू पुसला आणि तो चांगला आत सरकवला.

"आता बरोबर आहे."

मिस्बा अदबीने उभी राहिली. "सर, बाईंनी दिलेला बिंदू बाहेरच आहे. असं केलं तर माझे मार्क जातील."